या चुका टाळा : डब्यावरचा बीसी वाचून गोळी निवडताना

भाचा डेन्व्हरला असतो. गेल्या महिन्यात रात्री अकराला त्याचा मेसेज आला. गोळ्यांच्या दोन डब्यांचे फोटो आणि खाली एकच ओळ : "मामा, ०.६४६ घेऊ की ०.६२५?" पठ्ठ्यानं कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीचं लायसन्स काढलंय. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊ. मित्राची ६.५ क्रीडमूर (साडेसहा मिलिमीटर जाडीच्या गोळीची) रायफल हाताशी आहे, आणि ज्या डब्यावर बीसी जास्त तो डबा चांगला, असं त्याचं सरळ गणित.

इंदुरात बसून मी एल्कबद्दल काय सांगणार? आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी शौकाच्या शिकारीला कुलूप लावलं, आणि ते बरंच झालं. मी मारतो ते कागद. पॉइंट टूटूनं (०.२२ इंची छोट्या रायफलीनं) ५० मीटरवर, आणि रविवारी पोरांना १० मीटरची एअर रायफल शिकवतो. पण आकड्याला भुलण्याची ही चूक इथेही दर आठवड्याला दिसते.

बीसी म्हणजे बॅलिस्टिक कोएफिशिएंट. गोळी हवेत आपला वेग किती टिकवून धरते, त्याचं माप. वजन जास्त, जाडी कमी आणि अंग निमुळतं, की बीसी वाढतो. त्या आकड्यात एवढंच असतं. गोळी तुमच्या नळीतून नेमकी जाते का, जनावराच्या अंगात शिरल्यावर तिचं काय होतं, यातलं काहीही तो सांगत नाही.

जास्त बीसी म्हणजे जास्त चांगली गोळी

भाच्याला विचारलं, किती लांबून मारणार? म्हणाला, २०० यार्डांच्या पुढे हिंमत नाही. मग हिशेब मांडून दाखवला. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा धरला, तर २०० यार्डांवर ०.६२५ वाली गोळी साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास सरकते. ०.६४६ वाली तिच्यापेक्षा सुमारे २ मिलिमीटर कमी. अगदी ०.४५० ची साधी गोळी घेतली तरी फरक दोन-अडीच सेंटीमीटर, आणि एल्कच्या हृदय-फुफ्फुसाचा भाग फुटाहून मोठा असतो. ५०० यार्डांवर मात्र हाच फरक अर्ध्या फुटाच्या वर जातो. तिथे बीसी पाहावाच लागतो. पण तिथून मारायची याची तयारीच नाही, मग तो आकडा कशाला मिरवायचा?

खरी गोम पुढे आहे. ०.६४६ ची १४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप, साधारण १५ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम) गोळी मॅचची, म्हणजे कागदावर मारायची, ०.६२५ ची १४३ ग्रेनची शिकारीची. टोकाला प्लास्टिकची टोपी दोघींना, बाहेरून जुळ्या बहिणी. फरक पोटात. शिकारीच्या गोळीत तांब्याच्या सालीला आतून एक कडं असतं, ते शिशाचा गाभा धरून ठेवतं. त्यामुळे गोळी फुलते, पण चुरा न होता आत खोल जाते. मॅचच्या गोळीला एकच काम, प्रत्येक वेळी त्याच भोकात जाणं. ती हाडावर फुटेल की न फुलता आरपार जाईल, याची हमी बनवणारा देत नाही, आणि जखमी जनावर रात्रभर जंगलात तडफडतं. कोलोरॅडोचा नियमही बीसी विचारत नाही. एल्कला गोळी फुलणारी हवी, किमान ८५ ग्रेनची, आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा हवी.

दोन वेगळ्या फुटपट्ट्यांची तुलना

दुसऱ्या दिवशी पुन्हा मेसेज : "मामा, शिकारीच्या डब्यावर मागे ०.३१५ लिहिलंय! फसवलं का?" कुणी फसवलं नाही. ०.६२५ हा जी-वनचा आकडा, ०.३१५ जी-सेव्हनचा. जी-वन एकोणिसाव्या शतकातल्या सपाट बुडाच्या, बोथट तोफगोळ्याशी तुलना करतो. जी-सेव्हन आजच्या लांब, मागे निमुळत्या गोळीशी. गोळी तीच, आकडा निम्मा. सरड्याला मगरीशी तोललं तर लहान, पालीशी तोललं तर मोठा. दोन डबे शेजारी ठेवाल तेव्हा आधी बघा, पट्टी एकच आहे ना.

वेगवान गोळीला वारा कमी लागतो

ही चूक मी स्वतः केलीय. पॉइंट टूटूत साधी गोळी सेकंदाला ३२६ मीटरच्या आसपास निघते, हाय व्हेलॉसिटीची ३८० च्या. एका वाऱ्याच्या दिवशी मी मुद्दाम वेगवान डबा काढला. कार्डावर ग्रुप आणखी डावीकडे! तीन वेळा झिरो (नेम धरला तिथेच गोळी लागावी म्हणून केलेली साइटची जुळणी) तपासलं, साइटच्या माउंटचे स्क्रू आवळले, शेवटी शेजारच्या लेनवर राग काढला.

कारण असं, की वारा गोळीला किती ढकलतो हे ती हवेत किती वेळ राहिली यावर ठरत नाही. हवेनं तिचा किती वेळ खाल्ला, यावर ठरतं. निर्वात पोकळीत लागला असता तो वेळ आणि प्रत्यक्षात लागलेला वेळ यांतला फरक, गुणिले वारा. ध्वनीचा वेग ३४० मीटर, आपल्या मेमधल्या उन्हात ३५५ पर्यंत. त्याच्या आसपास हवेचा अडथळा एकदम वाढतो, आणि वेगवान गोळी नेमकी त्या पट्ट्यात कमावलेलं सगळं गमावते. १६ किलोमीटरच्या वाऱ्यात ५० मीटरवर साधी गोळी सुमारे तीन सेंटीमीटर सरकते, वेगवान त्याहून जास्त. कार्डावरचं दहा गुणांचं वर्तुळ आहे १०.४ मिलिमीटरचं. तेव्हापासून तो डबा कपाटात पडून आहे.

१० मीटरवर बीसी शोधणं

पालक डबी हातात घेऊन विचारतात, "सर, याचा बीसी किती?" दहा मीटरचा छर्रा सपाट डोक्याचा असतो, कारण त्याला कागदात गोल, स्वच्छ भोक पाडायचं असतं. हवा कापण्यात तो ढच. बंद हॉलमध्ये वारा नाही, आणि छर्रा दहा मीटरमध्ये जेमतेम पावणेदोन सेंटीमीटर खाली येतो. तेवढं साइटमध्ये झिरो करताना निघून जातं. इथे बघायचं ते डोक्याचं माप, ४.४९ की ४.५०, आणि डबीतले सगळे एकसारखे आहेत का. सेकंदाला ३ मीटरचा वेगफरक पडला तरी छर्रा सुमारे अर्धा मिलिमीटर वर-खाली जातो, म्हणजे ०.२ गुण गेले.

एका मुलीचे शॉट उगीच उडत होते. डबी पालथी केली तर कितीतरी छर्ऱ्यांचे घेर चेपलेले. काचेवर घरंगळवले, की चेपलेला लंगडत जातो, लगेच कळतं. वजन बघायला आम्ही सराफ्यातल्या ओळखीच्या दुकानात गेलो, सोन्याच्या काट्यावर. ०.५३ ग्रॅम, ०.५३, मग एकदम ०.४९. सोनार म्हणाला, "भिया, एवढं सोनं आणलं असतंस तर चहा तरी पाजला असता." डबी कुठे तरी पडली असणार, बाकी काही नाही. नवी डबी आणली, मुलगी सुतासारखी सरळ.

उरलेल्या दोन गोष्टी चटकन. शुद्ध तांब्याची गोळी शिशापेक्षा हलक्या धातूची, म्हणून त्याच वजनाला लांब होते, आणि लांब गोळीला नळीतला पीळ (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचे वळसे) जास्त हवा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, त्यामुळे तिथे हे अनेकांच्या लक्षात आलं असेल. पीळ कमी पडला की कागदावर भोक गोल न पडता किल्लीच्या भोकासारखं लांबट पडतं. तसं दिसलं की डबा बदला, दुर्बिणीला दोष देऊ नका. आणि एका डब्यानं झिरो करून दुसऱ्या डब्यानं शिकारीला जाणं, हे तर करूच नका.

भाच्यानं अखेर ०.६२५ चा डबा घेतला. परवा कार्डाचा फोटो आला : २०० यार्ड, तीन भोकं, बशीत मावतील अशी. आता त्याला ५०० चौरस इंच भडक रंगाचे कपडे घालावे लागणार आहेत, नारिंगी किंवा गुलाबी, दोन्ही चालतात. कुठला घेऊ म्हणून विचारत होता. आणि हे सगळं आईला सांगू नकोस म्हणाला. ताई अंडंसुद्धा घरात येऊ देत नाही.