टायरच्या तुकड्यांचा भराव कसा घालावा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातील मुसळधार पावसात संरक्षक भिंतीमागची माती पाणी धरून भिंतीला रेटते. तेथे जुन्या टायरचे तुकडे उपयोगी पडतात, कारण दाबून बसवल्यावरही त्यांचे वजन मातीच्या निम्म्याहून कमी भरते आणि पाणी झटकन निथळते. तळाशी व बाजूंनी जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे कृत्रिम कापड) अंथरावे, अन्यथा बारीक माती फटींत शिरते. मग सुमारे ३०० मिलिमीटरचे थर पसरून दाबावेत. टायरच्या तुकड्यांतून बाहेर आलेल्या पोलादी तारा यंत्राच्या रबरी चाकांत घुसतात, म्हणून साखळीपट्ट्याचे यंत्रच बरे. भरावाची जाडी ३ मीटरपलीकडे मात्र नेऊ नये, कारण १९९५ साली अमेरिकेत अतिजाड भराव आतल्या आत तापून पेटले होते. शेवटी वरूनही कापड घेऊन मुरूम दाबावा.