नॉमिनी म्हणजे मालक नाही: वडिलांच्या नावावरचा फ्लॅट वारसांच्या नावावर कसा करायचा

बाबा २०१७ मध्ये गेले. डोंबिवलीला आमचा ५५० चौरस फुटांचा वन बीएचके, बाबांच्या एकट्याच्या नावावर, आणि नॉमिनी मी. तेरावं झाल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी काका घरी आले, फॉर्म भरून घेतला, आणि तीनेक महिन्यांनी शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद) परत आलं तेव्हा मागच्या बाजूच्या कोष्टकात बाबांच्या नावाखाली माझं नाव, खाली तीन सह्या आणि गोल शिक्का. "झालं तुझ्या नावावर," काका म्हणाले. मीही सर्टिफिकेट कपाटात ठेवलं आणि पाच वर्षं त्याच भ्रमात राहिलो.

२०२२ मध्ये फ्लॅट विकायला काढला. गिऱ्हाईक चांगलं मिळालं, टोकन ठरलं, आणि त्यांच्या बँकेच्या वकिलाने फाइल परत पाठवली. त्यावर एकच ओळ होती, बाकीच्या वारसांचं रजिस्टर्ड हक्कसोड पत्र, म्हणजे त्यांनी आपला हिस्सा सोडल्याचा कागद, आणा. बाकीचे वारस म्हणजे आई आणि ताई, असं मला वाटलं. पण बाबा गेले तेव्हा आजी होती, आणि ती २०२१ मध्ये गेली होती. त्यामुळे आता माझे सख्खे काका (सेक्रेटरी नव्हे), नाशिकची आत्या आणि बडोद्याची आत्या, हे तिघेही आमच्या वन बीएचकेचे मालक झाले होते, आणि त्यांना स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

तर हे सगळं कसं करायचं ते आता सांगतो. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा की सोसायटीचं रेकॉर्ड वेगळं आणि मालकी वेगळी. नॉमिनी हा सोसायटीच्या सोयीसाठी असतो, म्हणजे माणूस गेल्यावर बिल कोणाच्या नावे काढायचं, पत्र कोणाला द्यायचं एवढ्यापुरता. तो खऱ्या वारसांच्या वतीने सांभाळणारा, ट्रस्टीसारखा. सुप्रीम कोर्टाने एलआयसीच्या नॉमिनीबद्दल हे १९८४ मध्येच सांगितलं आणि शेअर्सच्या नॉमिनीबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. आपल्या महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १५४ब-१३ मध्ये साफ लिहिलंय की खरे वारस सभासद होईपर्यंत नॉमिनीला प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता सभासद करून घ्यायचं. तरी आजही दहातल्या आठ सोसायट्यांत "नॉमिनी आहे ना, मग झालं" हेच चालतं. (आकडा माझ्या अंदाजाचा, पण तुमच्या सेक्रेटरींना विचारून बघा.)

पहिलं काम: कागद गोळा करा

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, हॉस्पिटलात मृत्यू झाला तर ते बहुतेक त्यांच्याकडूनच जातं, घरी झाला तर आपल्याला बघावं लागतं. दाखल्याच्या एकदम दहा प्रती काढा, बँक, एलआयसी, पेन्शन, सोसायटी, महावितरण, सगळे एकेक मागतात. आणि दाखला हातात आला की तिथेच उभं राहून नाव नीट वाचा. बाबांचं आधारवर एक नाव, अॅग्रीमेंटवर त्यातला अर्धाच भाग, आणि दाखल्यावर तिसरंच काहीतरी, असं झालं की पुढे "हे दोन्ही इसम एकच" असं प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या स्टॅम्पची कामं पाचशेवर गेलीत, त्यामुळे प्रत्येक चूक आता पाचपट महाग.

मग घराचे कागद. रजिस्टर्ड अॅग्रीमेंट, इंडेक्स टू (म्हणजे त्या नोंदणीचा सरकारी गोषवारा), स्टॅम्प ड्युटी भरल्याची पावती, शेअर सर्टिफिकेट, शेवटचं मेंटेनन्स बिल आणि घरपट्टीची पावती. फ्लॅट रिसेलचा असेल तर बिल्डरपासून बाबांपर्यंतची सगळी अॅग्रीमेंट्स, मधली एक जरी गायब असेल तरी बँक अडते. इंडेक्स टू हरवला असेल तर घाबरू नका, नोंदणी विभागाच्या साइटवर सर्च करून मिळतो, जुन्या कागदासाठी सब-रजिस्ट्रारकडून नक्कल काढता येते.

अॅग्रीमेंट नीट वाचा बरं का. त्यावर आई-बाबा दोघांची नावं असतील तर वारसांकडे जातो तो फक्त बाबांचा हिस्सा, आईचा आईकडेच राहतो.

दुसरं काम: वारस मोजा, आणि हे चुकवू नका

मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर कायद्याप्रमाणे. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा, तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे (मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी यांचे नियम वेगळे, त्यांनी त्या कायद्याच्या वकिलाला विचारावं). पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर वर्ग एकच्या वारसांना सारखे हिस्से: बायको, मुलगे, मुली, आणि त्याची आई. मुलगा आधीच वारला असेल तर त्याचा हिस्सा त्याच्या बायको-मुलांकडे, मुलगी वारली असेल तर तिच्या मुलांकडे. लग्न झालेली मुलगीसुद्धा पूर्ण हिस्सेदार. स्वतः कमावलेल्या घरात तर ती १९५६ पासूनच आहे, २००५ ची दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या मिळकतीसाठी होती, लोक उगाच तारखा मोजत बसतात.

सगळे विसरतात ती आजी. वडिलांची आई हयात असेल तर ती आईच्या आणि मुलांच्या बरोबरीची वारस. आजोबा मात्र वर्ग एकमध्ये नाहीत, का ते मला विचारू नका.

आमचाच हिशोब घ्या. बाबा गेले तेव्हा आई, मी, ताई, आजी, चौघांना पाव-पाव. तेव्हाच आजीची सही घेतली असती तर विषय संपला होता, ती तर रोज विचारायची की "अरे त्या घराचं झालं का काही?" आणि मी म्हणायचो झालं आजी, माझ्या नावावर झालं. ती गेल्यावर तिच्या पाव हिश्श्याचे पुन्हा चार भाग झाले, काका, दोन आत्या, आणि चौथा भाग बाबांच्या वाट्याचा तो मी आणि ताई मिळून. म्हणजे एकेका आत्याकडे घराचा सोळावा हिस्सा, जेमतेम ३४ चौरस फूट, आमच्या बाथरूमएवढा. पण त्या बाथरूमच्या सहीशिवाय घर विकता येत नव्हतं.

म्हणून थांबू नका. एक वारस गेला की त्याच्या जागी तीन-चार येतात, त्यातला एखादा परदेशात असतो, एखाद्याशी बोलणं बंद असतं.

तिसरं काम: सोसायटीत अर्ज

नॉमिनी असेल तर सहा महिन्यांच्या आत मृत्यूच्या दाखल्यासह अर्ज करायचा. नॉमिनी नसेल तर सोसायटी नोटीस काढून, निदान दोन स्थानिक पेपरांत जाहिरात देऊन हरकती मागवते, मग वारसांनी आपसात ठरवून एकाचं नाव द्यायचं आणि इंडेम्निटी बाँड, म्हणजे पुढे दुसरा कोणी हक्क सांगत आला तर नुकसान आम्ही भरू असं हमीपत्र, लिहून द्यायचा.

पैशाचं ऐका. ट्रान्सफर फी ५०० रुपये, प्रवेश फी १०० रुपये, बस. महापालिका हद्दीत सोसायटी जो २५,००० पर्यंतचा प्रीमियम (ट्रान्सफरचे जादा पैसे) घेते तो बाहेरच्याला विकताना, वारसाच्या किंवा नॉमिनीच्या नावावर करताना प्रीमियम घेता येत नाही. "बिल्डिंग फंडाला काहीतरी द्या" असं कोणी म्हणालं तर ते ऐच्छिक आहे का ते लेखी मागा, बहुतेक वेळा तिथेच विषय थांबतो.

अर्ज दोन प्रतींत, एका प्रतीवर शिक्का-सही घ्या, व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं धरू नका. सभासदत्वाच्या अर्जावर सोसायटीने तीन महिन्यांत निर्णय कळवायचा असतो. दाबून बसले तर आपल्या वॉर्डाच्या किंवा तालुक्याच्या सहकारी संस्था उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करा, नुसती जनरल बॉडीत भांडणं करून काही होत नाही.

आणि या काळात मेंटेनन्स थांबवू नका. "नाव लागत नाही तोवर भरणार नाही" असा बाणा एका शेजाऱ्यांनी दाखवला होता, थकबाकीवर सोसायटीला वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं, ते त्यांनी सगळं भरलं. माणूस गेला तरी देणं घराबरोबर वारसांकडे येतं.

चौथं काम: हक्कसोड पत्र

खरं काम हे. बाकीच्या वारसांनी आपला हिस्सा एका वारसाच्या लाभात सोडायचा, आणि हे रजिस्टर करावंच लागतं. नोटरीकडे स्टॅम्पपेपरवर करून आणलेलं हक्कसोड सोसायटी कधीकधी घेते, बँक घेत नाही आणि कोर्टातही टिकत नाही. आमच्या बिल्डिंगीत तसे तीन कागद मी पाहिलेत, सगळ्यांना वाटतं काम झालंय.

मोबदला न घेता, वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क जवळच्या रक्ताच्या नात्यात सोडला तर स्टॅम्प नाममात्र लागतो, शेकड्यात. पैसे घेऊन सोडला किंवा नातं त्या यादीत बसत नसेल तर बाजारभावावर ड्युटी. तुमची केस कशात बसते ते मसुदा सही व्हायच्या आधी वकिलाकडून बघून घ्या, आत्या-वहिनी-पुतण्या असं मिश्रण असेल तर नक्कीच. सही झाल्यापासून चार महिन्यांत कागद नोंदवायला हवा.

सब-रजिस्ट्रारकडे जाताना आधी ऑनलाइन डेटा एंट्री, मग वेळ घेऊन सगळे हजर, आधार आणि पॅन ओरिजिनल, दोन साक्षीदार त्यांच्या आधारसह, फोटो, अंगठा. अंगठ्याचं सांगतो. नाशिकच्या आत्याचं वय ७६, आयुष्यभर भांडी घासून बोटांवरच्या रेषा गेलेल्या, मशीनवर अंगठा उठेना. ऑपरेटर म्हणाला आजी जोरात दाबा, मग म्हणाला हळू ठेवा, मग पदराने पुसा, शेवटी ताईच्या पर्समधली व्हॅसलीन लावून सातव्या वेळेला उठला. आत्या म्हणाली, "पोरा, देणारी मी, आणि परीक्षा पण माझीच?" पर्समध्ये व्हॅसलीन ठेवा, आणि म्हाताऱ्या माणसांना सकाळचा पहिला नंबर घ्या.

वारस परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) करून पाठवता येतं, ते इथे आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला स्टॅम्प लावून घ्यायला लागतो.

आता माझं मत, पटलं तर घ्या. आई हयात असेल तर हक्कसोड आईच्या लाभात करा, मुलाच्या नको. एकदा रजिस्टर झालेलं हक्कसोड मागे घेता येत नाही, आणि आईने घर मुलाच्या नावावर करून मग सुनेला विचारून हॉलमध्ये झोपायचं, हे मी दोन घरांत बघितलंय. बहिणीकडून सही घेताना "माहेर तुटेल" वगैरे बोलू नका. तिला हिस्सा हवा असेल तर तो तिचा आहेच, मागते म्हणजे भांडते असं होत नाही. आणि घर विकायचंच ठरलं असेल तर हक्कसोडाची गरजही नाही, सगळे वारस विकणारे म्हणून अॅग्रीमेंटवर सह्या करतात आणि आपापल्या हिश्श्याचे पैसे घेतात. आमच्याकडे आत्यांनाच ते नको होतं, "सोळाव्या हिश्श्यासाठी पॅनकार्ड शोधू का आता," म्हणून सगळ्यांनी आईच्या नावे सोडलं. तोवर गिऱ्हाईक गेलं होतं ते सोडा.

पटतच नसेल तर

वारस कोण यावरच वाद असेल, किंवा सोसायटी कागद मानत नसेल, तर दिवाणी कोर्टातून वारस दाखला घ्यावा लागतो, आपल्याकडे तो अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो. बँकेतली रक्कम आणि शेअर्ससाठी असतो तो सक्सेशन सर्टिफिकेट, १९२५ च्या कायद्याखालचा, दोन्ही एकच समजू नका. वाद नसेल तरी जाहीर नोटीस, हरकतीची मुदत यात महिने जातात. अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाचा हिस्सा असेल तर तो सोडायला किंवा विकायला कोर्टाची परवानगी लागते, आई म्हणून सही करून चालत नाही.

उरलेली कामं

हक्कसोडाचा इंडेक्स टू हातात आला की त्याची प्रत सोसायटीला देऊन तात्पुरतं नाव काढून कायमचं लावून घ्या. मग घरपट्टी, मग लाइटचं मीटर, मग गॅस. ही नावं मालकीचा पुरावा नाहीत, पण विकताना सगळ्यावर एकच नाव असलं की वकील कमी प्रश्न विचारतो. फ्लॅटचा सातबारा शोधत तलाठ्याकडे जाऊ नका, तिथे जमिनीची नोंद असते, आणि सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालं नसेल तर ती अजून जुन्या मालकाच्याच नावावर दिसेल.

आईच्या नावावर झाल्यावर त्याच आठवड्यात आम्ही दोन गोष्टी केल्या. सोसायटीत तिचं नवीन नॉमिनेशन नमुना १४ मध्ये, तीन प्रतींत, आणि तिचं मृत्युपत्र. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, दोन साक्षीदार लागतात, ते घरातले हिस्सेदार नकोत आणि शक्यतो वयाने लहान असावेत. आम्ही खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आणि शेजारची जोशी काकूंची सून घेतली. आईने शेवटी एक ओळ स्वतः घालायला लावली, की घराचे दोन सारखे भाग, आणि देवघर ताईकडे.