पोराला ताप आलाय आणि अंगावर पुरळ उठलंय? या चुका टाळा

पावसाळ्यात फॅमिली ग्रुपवर असा फोटो हमखास येतो, पोटावर लाल ठिपके आणि खाली "हे काय असेल?", मग दहा मिनिटांत कोणी घामोळं म्हणतं, कोणी गोवर, कोणी उष्णता बाहेर पडतेय म्हणतं. अहो, फोटोत पुरळ दिसतं, पोर कुठे दिसतं! बहुतेक वेळा हे साध्या व्हायरलचंच असतं आणि आपोआप जातं, पण जी थोडी मुलं खरंच गंभीर असतात त्यांच्याकडे वेळ फार कमी असतो, म्हणून पुरळाला नाव देण्याआधी पोर कसं आहे ते बघा. पॅरासिटामॉलने ताप जरा उतरल्यावर पाणी पितंय, तुमच्याकडे बघतंय, खेळण्याला हात घालतंय का? की मांडीवर निपचित पडलंय?

दुसरी चूक म्हणजे पुरळ दाबून न बघणं. घरातला साधा पारदर्शक काचेचा ग्लास घ्या (स्टीलच्या पेल्यातून काही दिसत नाही), त्याची बाजू ठिपक्यांवर जरा जोर देऊन दाबा आणि आरपार बघा. ठिपके फिके पडून गायब झाले तर थोडा दिलासा. तसेच लाल-जांभळे राहिले तर कातडीखाली रक्त उतरलंय असा अर्थ होऊ शकतो, आणि तापासोबत हे दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री 2 वाजले असले तरी निघायचं. सावळ्या रंगावर हे पटकन कळत नाही, म्हणून तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू आणि तोंडात टाळू बघा, तेही नीट उजेडात. हळद, कॅलामाइन, पावडर आधी फासू नका, नाहीतर डॉक्टरांना काय दिसणार? आणि एकदा ठिपके फिके पडले म्हणून निर्धास्त होऊ नका, मेनिंगोकोकल इन्फेक्शनमध्ये (रक्तात आणि मेंदूच्या आवरणात पसरणारा जिवाणूंचा गंभीर आजार) सुरुवातीचे ठिपके दाबल्यावर जाऊ शकतात आणि काही तासांनी तेच जांभळे होतात, म्हणून परत परत बघायचं.

मुळात पुरळाची वाट बघत बसणं हीच चूक आहे. ब्रिटनमध्ये 2006 साली या मेनिंगोकोकल आजाराच्याच मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असं दिसलं की पाय दुखणं, हातपाय गार पडणं आणि अंगाचा रंग विचित्र दिसणं ही लक्षणं आजार सुरू झाल्यापासून साधारण 8 तासांतच दिसू लागली होती, आणि मुलं हॉस्पिटलात पोचली 19 तासांच्या आसपास. म्हणजे अंग फणफणलंय पण हातपाय बर्फासारखे, असं असेल तर "ताप चढतोय म्हणून गार असतील" म्हणून सोडून देऊ नका.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घात करते ती चूक म्हणजे ताप उतरला की पोर बरं झालं समजणं. माझ्या बहिणीच्या 6 वर्षांच्या मुलाला डेंग्यू झाला होता, पाचव्या दिवशी सकाळी अंग गार लागलं, सगळ्यांना हायसं वाटलं, वरणभात भरवायला बसले तर दोनदा उलटी, पोट दुखतंय म्हणून रडायला लागला आणि सकाळपासून शू झालीच नव्हती. आईनेच ते हेरलं, लगेच सलाइन लागलं म्हणून निभावलं. डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना, साधारण आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात असतो, कारण तेव्हा रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं. घरातले सगळे प्लेटलेटचा आकडा धरून बसतात, पण हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालंय ते सांगणारा आकडा) वाढतंय का, लघवी किती होतेय, पोट दुखतंय का, हिरड्यांतून रक्त येतंय का, हे तितकंच महत्त्वाचं.

औषधांचं तर विचारूच नका. डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन अजिबात नको, आणि तापाच्या कितीतरी सिरपमध्ये यातलं काहीतरी मिसळलेलं असतं, तेव्हा लेबल वाचा. पॅरासिटामॉलचंही "एक चमचा" असं माप नसतं. डोस किलोला 15 मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे 10 किलोच्या मुलाला जास्तीत जास्त 150 मिलिग्रॅम, ते 125 च्या बाटलीतून (म्हणजे 5 मिलीत 125 मिलिग्रॅम) 6 मिली होतं आणि 250 च्या बाटलीतून फक्त 3 मिली. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला की डोस थेट दुप्पट! मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक तर देऊच नका, मग पुरळ आजाराचं की औषधाचं हेच कळेनासं होतं.

गोवराला "देवी आली, पूर्ण बाहेर पडू दे" म्हणून कडुलिंबाच्या पाल्यावर घरात ठेवणारे अजूनही आहेत. 2022 मध्ये मुंबईत गोवंडी भागात गोवराने लहान मुलं दगावली, हे फार जुनं नाही. ताप, खोकला, लाल डोळे आणि मग कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरणारं पुरळ असेल तर डॉक्टर आणि व्हिटॅमिन ए दोन्ही लागतात, आणि श्वास जोरात चालत असेल तर ताबडतोब. लस 9 महिन्यांना आणि 16 ते 24 महिन्यांत, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

विदर्भाकडे किंवा शेताशिवारात राहत असाल तर कपडे काढून काख, जांघ, कानामागे नीट बघा. सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली तर स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) असू शकतो. ती दुखत नाही, म्हणून पोर सांगत नाही. वेळेत कळलं तर साध्या, स्वस्त औषधाने बरा होतो, पण डॉक्टरांना खपली दाखवायला हवी.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर 100.4 ताप म्हणजे थेट डॉक्टर, पुरळ असो नसो. मान ताठ, झटका, धाप, उठवूनही न उठणं, सहा तास लघवी नाही, यातलं काहीही दिसलं तरी थांबू नका, गाडी नसेल तर 108 लावा. हॉस्पिटलात पोचल्यावर केसपेपरच्या रांगेत गपचूप उभं राहायचं नाही, समोर जी सिस्टर दिसेल तिला मोठ्याने सांगायचं, "ताप आहे आणि दाबून न जाणारे ठिपके आलेत, आधी बघा."