रोबोटसाठी मोटर ड्रायव्हर घेताय? आधी मोटर अडकल्यावरचा करंट काढा

मालवणच्या किनाऱ्यावर पोरांना दाखवायला चार चाकांचा रोबोट नेलेला, ओल्या वाळूवर मस्त पळाला, सुक्या वाळूत शिरला नि चाकं रुतली, आणि मी आपला बटण दाबूनच, थोड्या वेळात ड्रायव्हरमधनं, म्हणजे बॅटरीचा करंट मोटरला देणाऱ्या चिपमधनं, धूर. बाजूला जाळं शिवत बसलेले आजोबा म्हणाले, "काय करपता रे झिला?"

करपला होता एल२९३डी. तो चॅनलला, म्हणजे मोटर जोडायच्या प्रत्येक आउटपुटला, ६०० मिलिअँपिअरचा, मोटर मोकळी फिरताना २०० खायची, मग दोन-दोन मोटरी एका चॅनलवर लावल्या तरी काय होतंय, असा माझा हिशोब. पण चाक अडकलं की मोटर किती खेचते तो आकडा बघायचा असतो, त्याला स्टॉल करंट म्हणतात, आणि तो मी काढलाच नव्हता.

काढायला सोपा आहे. मोटर सुटी करा, मल्टीमीटर ओहमवर लावा, शाफ्ट बोटाने हळूहळू फिरवत सगळ्यात कमी रीडिंग टिपा, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारं रीडिंग त्यातनं वजा करा. मग फुल चार्ज बॅटरीच्या व्होल्टेजला त्याने भागायचं. दोन लिथियम सेल सिरीजमध्ये म्हणजे ८.४ व्होल्ट, माझी मोटर ६ ओहम, आले १.४ अँपिअर, आणि दोन मोटरी एकत्र म्हणजे २.८. चालतं चाक एकदम उलटं फिरवलं तर क्षणभर याच्या जवळपास दुप्पट जाऊ शकतो, म्हणून कोडमध्ये मधे जरा थांबा टाका.

आता ड्रायव्हर. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, पीक (क्षणभराचा) नाही, कंटिन्युअस (सतत पेलणारा) आकडा वाचा. एल२९८एन सगळीकडे मिळतो, चॅनलला २ अँपिअर, पण जुन्या पद्धतीचा, १ अँपिअरलाच साधारण २ व्होल्ट स्वतःच खातो नि तापतो, मला तो आवडत नाही. टीबी६६१२ मॉसफेटवाला, म्हणजे आतले स्विच कमी व्होल्टेज खाणारे, थंड राहतो, पण सरासरी १.२ अँपिअरच. डीआरव्ही८८३३ छोट्या रोबोटला छान, फक्त १०.८ व्होल्टच्या वर चालत नाही, तीन सेलची बॅटरी फुल चार्ज १२.६ होते, म्हणजे गेलाच. माझ्या २.८ अँपिअरसाठी मी शेवटी बीटीएस७९६० घेतले, रोबोटच्या दोन बाजूंना दोन. त्यावर ४३ अँपिअर लिहितात त्यावर जाऊ नका, एवढ्याशा हीटसिंकवर ते पेलणार नाही, पण ३ अँपिअरला तो गार बसतो.

जोडताना बॅटरीच्या प्लसला लगेच फ्यूज, माझा ३ अँपिअरचा, रुतून बसला तर आधी तोच जाऊ दे. ड्रायव्हरच्या सप्लायवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, इनेबल पिनवर (ड्रायव्हर चालू-बंद करणारी पिन) १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला, नाहीतर कंट्रोलर बोर्ड चालू होताना चाकं स्वतःच फिरतात. एल२९८ची सुटी चिप वापरणार असाल तर मोटरचा उलटा झटका रिचवणारे डायोड बाहेरून लावा, आत नसतात.

पहिली टेस्ट रोबोट दोन करवंट्यांवर ठेवून, चाकं अधांतरी.

आणि आपल्याकडची खारी हवा. पावसाळ्यात स्क्रू टर्मिनल हिरवे पडतात, तिथे रेझिस्टन्स वाढून वायर तापते, म्हणून रोबोट सिलिका जेलच्या पुड्या टाकून झाकणाच्या डब्यात ठेवतो, आणि किनाऱ्यावरून आलं की टर्मिनल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून स्क्रू परत आवळतो.