सेल्सिअस, फॅरनहाइट, केल्विन: तापमान वाचायचं कसं आणि बदलायचं कसं

आकड्याआधी पट्टी बघा: सेल्सिअस की फॅरनहाइट. नळीचा थर्मामीटर असेल तर पाऱ्याचं टोक डोळ्यांच्या रेषेत आणा, पारा स्थिरावू द्या आणि मग वाचा. वाचण्याचं काम एवढंच.

थर्मामीटरबद्दल शंका असेल तर बारीक फोडलेला बर्फ ग्लासात गच्च भरा, फटी भरतील इतकंच पाणी ओता, ढवळा आणि थोडं थांबा. सेल्सिअसच्या पट्टीवर ० किंवा फॅरनहाइटच्या पट्टीवर ३२ दिसायला हवं. उकळत्या पाण्याने तपासा असं सगळे सांगतात. मी सांगणार नाही. दर ३०० मीटर उंचीमागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंश सेल्सिअसने उतरतो, मग १०० दिसलं नाही तर दोष कुणाचा? तापाचा काचेचा थर्मामीटर तर उकळत्या पाण्यात फुटेलच.

खरी गोची रूपांतरात आहे. सेल्सिअसवरून फॅरनहाइटला जाताना मिळणारा ‘दुप्पट करा आणि ३० मिळवा’ हा सल्ला कृपा करून विसरा. तो फक्त १० अंशांना बरोबर उत्तर देतो. ३७ ला लावून बघा: १०४ येतं, म्हणजे ठणठणीत माणसाला सणसणीत ताप! त्यापेक्षा दुप्पट करा, आलेल्या आकड्यातून त्याचाच दहावा भाग वजा करा आणि मग ३२ मिळवा. ७४ मधून ७.४ गेले, ६६.६ उरले, ३२ मिळवले की ९८.६. हे तंतोतंत उत्तर आहे, अंदाज नव्हे. उलट, म्हणजे फॅरनहाइटवरून सेल्सिअसला जाताना आधी ३२ वजा, मग ५ ने गुणून ९ ने भागा. क्रम चुकला की सगळं चुकलं.

आणि जिथे भलेभले घसरतात (मलाही हे उमगायला वेळ लागला) ते म्हणजे फरक. ताप २ अंश सेल्सिअसने उतरला, तर फॅरनहाइटमध्ये किती उतरला? ३५.६ नव्हे, ३.६. दोन्ही पट्ट्यांची सुरुवात वेगळ्या जागी आहे म्हणून ३२ लागतात. फरक काढताना ती सुरुवात आपोआप वजा होते. म्हणून फरकाला फक्त १.८ ने गुणायचं, ३२ ला हातही लावायचा नाही. गणित करण्याआधी स्वतःला विचारा: हे तापमान आहे की तापमानातला बदल? फोनवरच्या रूपांतराच्या सोयी हा प्रश्न विचारत नाहीत, गुपचूप ३२ मिळवून मोकळ्या होतात.

केल्विन, म्हणजे विज्ञानात वापरतात ती पट्टी, त्यामानाने सोपी. सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवा, फरक असेल तर काहीच करू नका, कारण दोन्हींची पायरी सारखीच. नुसतं ‘३०० केल्विन’ म्हणा, १९६७ पासून त्याला ‘अंश’ लावत नाहीत. ‘दुप्पट गरम’ वगैरे बोलायचं असेल तर ते याच पट्टीवर, कारण हिचं शून्य हेच तापमानाचं खरं शून्य. १० अंश सेल्सिअसवरून २० वर गेलात तर केल्विनमध्ये ते २८३ वरून २९३, म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के वाढ.