गोल्फमधल्या या चुका टाळा: दुरुस्तीच जिथे बिघाड करते

बॉल उजवीकडे जातोय, म्हणून निशाणा डावीकडे धरायचा. बॉल जमिनीलगत सरपटतोय, म्हणून तो खालून उचलायला जायचं. ग्रिप (क्लबचं हातात धरायचं टोक) घसरतेय, म्हणून मुठी आवळायच्या. तिन्ही उपाय कुणालाही सहज सुचतील असे आहेत आणि तिन्ही उलटे पडतात. हौशी खेळाडूचा खेळ वर्षानुवर्षं एकाच जागी अडकतो तो बहुधा याच कारणाने: चूक एक असते आणि तिच्यावरच्या इलाजातून आणखी दोन तयार होतात. (पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलंय. डावखुऱ्यांनी दिशा उलट वाचाव्यात.)

स्लाइस

स्लाइस म्हणजे हवेत उजवीकडे वळत जाणारा बॉल. बॉल कोणत्या दिशेला निघणार हे मुख्यतः क्लबचा (मारायच्या काठीचा) फेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, ठरवतो. हवेत तो कुठे वळणार हे ठरतं फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावरून. पूर्वी हे नेमकं उलटं शिकवत. रडारवर चालणारे, बॉल आणि क्लबची हालचाल मोजणारे लाँच मॉनिटर आले आणि तो समज मोडीत निघाला. आता डावीकडे निशाणा धरण्याचा इलाज या हिशेबात बसवून पाहा. पाय आणि खांदे डावीकडे वळले की क्लब आणखी बाहेरून आत (अंगाकडे) येतो. फेस मात्र होता तिथेच राहतो. दोघांमधला फरक वाढतो आणि बॉल पूर्वीपेक्षा जास्त वळतो. मग माणूस आणखी डावीकडे वळून उभा राहतो.

म्हणून आधी बॉलच्या वाटेकडे नीट बघा. डावीकडे निघून उजवीकडे वळला, तर दोष क्लबच्या मार्गात आहे. उजवीकडेच निघून आणखी उजवीकडे गेला, तर फेस फार उघडा (उजवीकडे तोंड केलेला) आहे. डावीकडे निघून सरळ डावीकडेच गेला, तर तो स्लाइस नाही, पुल आहे आणि त्याचा इलाज वेगळा. आणखी एक शक्यता बहुतेक जण तपासतच नाहीत. ड्रायव्हरच्या (सर्वात लांब मारायच्या क्लबच्या) हीलवर, म्हणजे फेसच्या दांड्याजवळच्या टोकाला, लागलेला बॉलही उजवीकडे वळतो, मग स्विंग कितीही देखणा असो. बॉलवर व्हाइटबोर्ड मार्करने ठिपका काढा आणि तो फेसकडे येईल असा बॉल टीवर (खुंटीवर) ठेवून मारा. शाईचा डाग फेसवर उमटतो. डाग हीलकडे असेल, तर मनगटांवर मेहनत घेण्याआधी बॉलपासून किती अंतरावर उभे राहता ते बघा.

फेस उघडा राहत असेल, तर पहिला संशय ग्रिपवर, म्हणजे क्लब पकडण्याच्या पद्धतीवर, घ्यायचा. क्लब डाव्या हाताच्या तळव्यात नको, बोटांच्या मुळाशी हवा. वरून पाहिलं की डाव्या हाताचे निदान दोन सांधे दिसले पाहिजेत. अंगठा आणि तर्जनी यांच्यातला व्ही उजव्या खांद्याकडे रोखलेला हवा. आपल्याकडे गोल्फमध्ये येणारे बरेच लोक आधी क्रिकेट खेळलेले असतात. सरळ बॅटने ड्राइव्ह मारताना बॅट फटक्याच्या दिशेला शेवटपर्यंत धरून ठेवायची त्यांना सवय असते. इथे तोच हट्ट धरला की फेस बंद व्हायला वावच मिळत नाही. ग्रिप बदलली की पहिले काही दिवस हात परक्याचे वाटतात आणि बॉल डावीकडे पळतात. तेवढ्यावरून जुन्या ग्रिपकडे परतू नका.

निशाणा तपासायला रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जमिनीवर काठी ठेवा. पायांची रेषा लक्ष्याकडे नको, लक्ष्यरेषेला समांतर हवी. हे फक्त सरावात. राउंडमध्ये दिशा धरायला क्लब जमिनीवर ठेवून स्टान्स घेतला (फटक्यासाठी पाय रोवले) तर पेनल्टी बसते. आणि आपल्याकडे तर जवळजवळ प्रत्येकाबरोबर कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) असतो, म्हणून हेही लक्षात ठेवा: 2019च्या नियमांपासून, तुम्ही स्टान्स घ्यायला लागलात की कॅडीला बॉलच्या मागे रेषेत उभं राहून दिशा दाखवता येत नाही.

टॉप आणि फॅट

बॉल टॉप झाला (क्लब वरच्या भागाला लागून सरपटत गेला) की कॅडीचा निकाल ठरलेला: ‘साहेब, डोकं वर आलं.’ डोकं वर येतं हे खरं, पण ते बहुतेक वेळा मूळ कारण नसतं. बॉल हवेत चढवायची घाई झालेली असते. त्यापायी वजन उजव्या पायावरच राहतं, अंग उभं होतं, हात आखडतात आणि क्लब वर येताना बॉलच्या डोक्याला लागतो. हनुवटी छातीला टेकवून ‘डोकं खाली’ खेळणाऱ्याचे खांदे वळतच नाहीत. त्याचे टॉप काही थांबत नाहीत, वर पाठही धरते.

बॉल उचलायचं काम लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन, करतो. सात नंबरच्या आयर्नला (लोखंडी क्लबला) आज साधारण 28 ते 34 अंशांचा लॉफ्ट असतो, तेवढा पुरेसा आहे. तुमचं काम आधी बॉलला आणि मग जमिनीला लागणं एवढंच. गवतावर चुन्याची किंवा रंगाची रेघ ओढा, बॉल न ठेवता स्विंग करा आणि डिव्हॉट (क्लबने उखडलेला जमिनीचा तुकडा) कुठे पडतोय ते बघा. तो रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला पडायला हवा. मागे पडत असेल तर त्याच एका चुकीतून कधी फॅट (क्लब बॉलआधी जमिनीत रुततो तो शॉट) निघतो, कधी टॉप. दोन आजार समजून दोन इलाज करू नका.

रेंजवरचं मॅट इथे घात करतं. बॉलच्या दोन इंच मागे आपटलेला क्लब मॅटवरून घसरून बॉलपर्यंत पोचतो आणि शॉट चांगला गेल्यासारखा वाटतो. तोच स्विंग गवतावर केला की ढेकूळ पुढे आणि बॉल मागे. मॅटवरच सराव करावा लागत असेल, तर बॉलच्या मागे वीतभर अंतरावर नॅपकिनची घडी ठेवा. क्लब नॅपकिनला लागला की तो शॉट मोजायचा नाही.

सराव

बकेटभर बॉल एकाच क्लबने एकापाठोपाठ मारणं हा व्यायाम झाला, गोल्फचा सराव नव्हे. पंधराव्या बॉलला हात बसलेला असतो. कोर्सवर पंधरावा बॉल नसतो. निम्मी बकेट तंत्रावर घालवा. उरलेल्या निम्म्यात दर बॉलला क्लब बदला, लक्ष्य बदला, डोळ्यांसमोर ओळखीचं होल (कोर्सचा एक टप्पा) आणा.

क्लबचं अंतर ठरवताना आयुष्यातला सर्वात लांब गेलेला शॉट धरायचा नाही. दहा मारा आणि मधल्या सहांवर अंदाज बांधा. हौशी खेळाडूंचे ग्रीनकडचे (खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीकडचे) शॉट बहुतेक अपुरेच पडतात आणि त्याचं कारण स्विंगपेक्षा अभिमान असतो. एक क्लब जास्त, म्हणजे आणखी लांब मारणारा, घ्या.

पटिंगच्या (ग्रीनवर बॉल होलमध्ये घरंगळवण्याच्या) सरावात लोक तीन फुटांवरून रेषा साधत बसतात. थ्री-पट (एका ग्रीनवर तीन पट) होतात ते लांबून, अंतर चुकल्यामुळे. लांबचे पट होलकडे बघत मारून पाहा, हाताला वेग लवकर कळतो.

पावसाळा

चेंबूर असो, खारघर असो की येरवडा, जुलैतला गोल्फ वेगळा खेळ आहे. बॉल जिथे पडतो तिथेच बसतो, म्हणून अंतर हवेतलं मोजा. ग्रिप घसरायला लागली की मुठी आवळू नका, हात ताठ होऊन वेग मरतो. दोन टॉवेल ठेवा, त्यातला एक छत्रीच्या काड्यांना अडकवून कोरडा राखा. ग्रिप साबणाच्या कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने अधूनमधून धुवा. कडक झाली असेल तर बदला, आख्ख्या किटमध्ये याच्याइतका स्वस्त फायदा दुसरा नाही.

बंकरचं (वाळूच्या खड्ड्याचं) नेहमीचं सूत्र माहीत असेल: फेस उघडा, मग ग्रिप धरा (आधी धरून मनगट वळवलं तर तो पुन्हा बंद होतो) आणि बॉलच्या दोन इंच मागे वाळूत मारा. पावसाने वाळू थापली गेली असेल, तर हेच सूत्र अंगाशी येतं. उघड्या फेसचा बाउन्स (क्लबच्या तळाचा फुगवटा) कडक वाळूवर उसळतो आणि बॉल थेट ग्रीनपलीकडे जातो. तिथे फेस जवळजवळ सरळ ठेवा.

साचलेल्या पाण्यातून उगाच खेळू नका. पेनल्टी एरियाबाहेर (तळं, ओढा अशा आखलेल्या भागाबाहेर) असं पाणी साचलं असेल तर बॉल हलवायची सवलत फुकट मिळते, फेअरवे (आखूड कापलेला पट्टा) किंवा रफमध्ये (बाजूच्या वाढलेल्या गवतात) आपल्याच खळग्यात रुतलेल्या बॉललाही मिळते. ड्रॉप (बॉल हातातून सोडणं) गुडघ्याच्या उंचीवरून, खांद्यावरून नव्हे. बॉलला नुसता चिखल लागलाय म्हणून मात्र फेअरवेवर उचलून पुसता येत नाही. त्या दिवशी गोल्फ क्लबने (संस्थेने) प्रिफर्ड लाय (बॉल उचलून पुसायची मुभा) जाहीर केलाय का, हे पहिल्या टीवरच विचारून घ्या.

किट

अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याकडून ड्रायव्हर मागवायचा, तर लॉफ्ट आणि शाफ्ट (दांडा) सांगून मागवा. नाहीतर येतो नऊ अंशांचा, स्टिफ शाफ्टचा, सवलतीतला. स्विंगचा वेग बेताचा असेल तर साडेदहा ते बारा अंश बरे. जास्त लॉफ्टने बॉल चढतो आणि त्याचं वळणही कमी होतं. तीन आणि चार नंबरची आयर्न सेकंडहँड सेटबरोबर आली तरी घरी ठेवा, त्यांच्या जागी हायब्रिड (मारायला सोपे क्लब) घ्या. 14 क्लब ही कमाल मर्यादा आहे, किमान नाही.

नव्या सेटमधला पिचिंग वेज (जास्त लॉफ्टचा, जवळच्या शॉटचा क्लब) बऱ्याचदा 43 ते 45 अंशांचा असतो आणि सँड वेज 56चा. मधली पोकळी 50 किंवा 52ने भरा. पटर दुकानात 34-35 इंचांचा मिळतो. उंची बेताची असेल तर त्याचं टोक पोटाला टोचतं आणि माणूस नकळत बॉलपासून लांब उभा राहतो. कापून घ्या, पण कापल्यावर हेड हलकं वाटतं हे ध्यानात ठेवून एकदम दोन इंच उडवू नका.

तळ्यातून काढलेले बॉल कॅडीकडून घ्यायला हरकत नाही, फक्त राउंडभर एकाच मॉडेलचे वापरा. फरक ड्रायव्हरला कमी आणि चिपिंगला (ग्रीनजवळच्या छोट्या शॉटला) जास्त जाणवतो. आणि हरवलेला बॉल शोधण्यात वेळ घालवू नका: नियमाने तीनच मिनिटं मिळतात. टी शॉट रफमध्ये हरवेल असं वाटलं, तर तिथेच ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता बॉल) असं मोठ्याने सांगून दुसरा मारा. न सांगता मारलात, तर तोच तुमचा खेळातला बॉल होतो, पहिला पुढे फेअरवेवर सापडला तरी.