रस्त्यावर बोर्ड लावताय? या चुका टाळा

माझं रेडियम आर्टचं दुकान आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. नंबर प्लेट, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचे शेर, दुकानांचे फलक आणि रस्त्यावरचे बोर्ड, सगळं करतो. या शेवटच्या कामात मी इतक्या चुका केल्यात की आता त्यावर बोलायचा मला थोडाफार हक्क आहे असं वाटतं.

पहिली चूक आमच्याच गावाच्या वळणावर झाली. दुर्गा मंडळाच्या पोरांनी वर्गणी काढली आणि भला मोठा बोर्ड सांगितला. मजकूर असा: "सावधान! पुढे धोकादायक वळण आहे. वाहन सावकाश चालवा. घरी तुमची कोणीतरी वाट पाहत आहे." खाली सौजन्य, अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि अकरा सदस्यांची नावं. मी मन लावून रंगवला. सहा महिन्यांनी एक पोरगा वाकलेली नंबर प्लेट घेऊन दुकानात आला. गुडघा सोललेला. विचारलं, काय झालं? म्हणे, "त्या वळणावरून नालीत गेलो न भाऊ. बोर्ड वाचून राहिलो होतो, कोणाकोणाचे नावं हायेत त."

साधा हिशेब आहे. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. एक इंच उंचीचं अक्षर चांगल्या नजरेच्या माणसाला दहा-बारा मीटरवरून नीट लागतं. म्हणजे चार इंची अक्षर काढलं तर वाचायला पुरते तीन सेकंदही मिळत नाहीत. त्यात आपली देवनागरी. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. चार इंचांच्या पट्टीत 'दुर्घटनाग्रस्त' लिहायला घेतलं की मूळ अक्षराच्या अंगाला दोन-अडीच इंचच उरतात. पेंटरला हे कळतं, पण वर्गणी देणाऱ्याला नावं पाहिजे असतात. मजकूर चार शब्दांवर गेला की समजावं, हा बोर्ड ड्रायव्हरसाठी नाही, मंडळासाठी आहे. आणि 'कोणीतरी वाट पाहत आहे' हे ज्याला घरून निघताना आठवलं नाही त्याला वळणावर आठवून काय उपयोग!

शब्दांपेक्षा आकार आधी दिसतो

वळण, गतिरोधक, शाळा, अरुंद पूल या सगळ्यांसाठी ठरलेली चिन्हं आहेत. रस्त्यांची मापं-नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) आयआरसी 67 या संहितेत ती चित्रांसकट मापं देऊन छापलेली आहेत. लाल काठाचा त्रिकोण म्हणजे इशारा, लाल काठाचं वर्तुळ म्हणजे मनाई किंवा मर्यादा, निळा चौकोन म्हणजे माहिती. 'थांबा'ची पाटी तेवढी अष्टकोनी, आणि 'आधी त्यांना जाऊ द्या'चा त्रिकोण उलटा. हे आकार वेगळे असल्याचा एक फायदा असा की पाटी चिखलानं माखली, रंग उडाला किंवा पाठीमागून दिसली, तरी ओळखू येते.

आमच्याकडून आदिलाबादकडे जाणारे ट्रक दिवसरात्र चालू असतात. तेलुगू ड्रायव्हरसाठी 'गतिरोधक' आणि 'गटशिक्षणाधिकारी' यांत काही फरक नसतो. त्रिकोणातला उंचवटा मात्र त्याला बरोबर कळतो. म्हणून चित्र आधी, शब्द खाली, तेही लागले तरच.

याचीच उलटी चूक म्हणजे शुभेच्छांचा किंवा ढाब्याचा बोर्ड लाल वर्तुळात करून घेणे. लक्ष वेधतो म्हणून मीही दोनदा करून दिला. मोटार वाहन कायदा, 1988 मधलं कलम 116 रस्त्यावरच्या चिन्हांबद्दलच आहे. ती कोणीही उठून लावायची नसतात, आणि खऱ्या चिन्हासारखा दिसणारा किंवा खरं चिन्ह झाकणारा फलक काढून टाकता येतो. दसऱ्याला 40 च्या पाटीवर झेंडूचा हार चढवणाऱ्यांनीही हे एकदा वाचावं.

ब्रेकर गेला, बोर्ड राहिला

ही चूक सगळ्यांत जास्त दिसते आणि सगळ्यांत जास्त नडते. रस्ता नव्यानं डांबरी झाला की जुना ब्रेकर बुजतो, पण बोर्ड तिथंच राहतो. रोज जाणाऱ्याला चार दिवसांत समजतं की इथं काही नाही. मग तो पुढच्या गावच्या बोर्डावरही विश्वास ठेवत नाही, आणि तिथं तर मुरूम टाकून गावकऱ्यांनी केलेला गुडघाभर ढिगारा असतो. खोटा बोर्ड लागतो एका गावात आणि माणूस पडतो दुसऱ्याच गावात.

आयआरसीच्या मापानं ब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, गोलाकार पाठीचा असतो. इशाऱ्याचा बोर्ड त्याच्या 40 मीटर आधी. आपल्याकडे बोर्ड ब्रेकरच्या अगदी डोक्यावर उभा असतो, म्हणजे आधी दणका बसतो आणि मग कारण वाचायला मिळतं. ब्रेकर काढला तर बोर्ड त्याच दिवशी काढा. नंतर काढू म्हटलं की तो एक दिवस कुणाच्या तरी गोठ्याचं दार होऊनच निघतो.

बारा महिने लावलेला पावसाळ्याचा बोर्ड

"पुलावरून पाणी वाहत असताना वाहन नेऊ नये." आमच्या भागातल्या प्रत्येक रपट्याजवळ, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलाजवळ, हे वाक्य आहे. मे महिन्यातही आहे. खाली नाल्यात वाळू तापलेली असते, बोर्डाच्या सावलीत बकऱ्या बसलेल्या असतात, आणि आपण पुढे निघतो. आठ महिने ज्या वाक्याला काही अर्थ नसतो ते नवव्या महिन्यात डोळ्यांना दिसतच नाही. जुलैच्या रात्री माणूस रपट्यावर येतो तेव्हा बोर्डाकडे बघत नाही, पुढच्या गाडीच्या लाल दिव्याकडे बघतो. तो गेला म्हणजे आपणही जाऊ.

शिवाय 'पाणी वाहत असताना' म्हणजे किती पाणी? घोट्याएवढं असलं तरी वाहतंच. मग प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान कार वाहून नेऊ शकतं, आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या जातात. हे आकडे ऐकून दुकानातले लोक हसतात, कारण फूटभर पाणी म्हणजे त्यांच्या लेखी म्हशीच्या पायाला लागेल एवढं. पण गाडीला पाण्याची उचल मिळाली की टायर रस्ता सोडतात, आणि मग स्टेअरिंग नुसतं हातात राहतं.

इथं वाक्य बदलून भागत नाही. रपट्याच्या कडेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब उभा करा. दर 15 सेंटिमीटरला रेघ आणि 30 च्या रेघेवर लाल रेडियम. दोन्ही कडांना ठळक दगड लावा, म्हणजे गढूळ पाण्याखाली रस्ता कुठं संपतो ते दिसेल. पाणी लाल रेघेला लागलं की आडवी साखळी ओढायची जबाबदारी एका माणसाला नावानिशी द्या. मूळ बोर्ड ठेवायचाच असेल तर बिजागरी लावून दुमडता येईल असा करा. जूनमध्ये उघडायचा, दिवाळीनंतर मिटायचा. असा एक मी करून दिला, लोहाराचा खर्च धरूनही फार पडला नाही.

फार देखणा वाघ काढू नका

पांढरकवड्याकडे टिपेश्वरचं जंगल, चंद्रपूरकडे ताडोबा. जंगलाजवळच्या एका गावानं माझ्याकडून 'वाघाचा वावर, सावधान' असा बोर्ड केला. मी वाघ असा काढला की मलाच कौतुक वाटलं. पंधरा दिवसांनी तिकडून जाताना पाहिलं, तर बोर्डासमोर दोन गाड्या उभ्या, कुटुंब खाली उतरलेलं, आजोबांना मधोमध उभं करून फोटो चाललेला. लोकांनी न थांबता निघून जावं म्हणून लावलेल्या बोर्डापाशीच लोक उतरत होते! स्वीडनमध्ये मूस हरणाच्या पाट्या पर्यटक आठवण म्हणून उपटून नेतात, तसलाच प्रकार. आता मी नुसती काळी आकृती काढतो, खाली वेगमर्यादा आणि 'थांबू नका' एवढंच. आणि जनावर जिथून खरंच रस्ता ओलांडतं तिथंच लावा. वीस किलोमीटरभर वाघ वाटून ठेवले तर ड्रायव्हर एकालाही मानत नाही.

भीती घालणाऱ्या बोर्डांचंही असंच. 'येथे इतके मृत्यू' आणि वर कवटी, अशी मागणी दर वर्षी येते. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात रस्त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक फलकांवर दर महिन्यात एक आठवडा वर्षभरातल्या रस्ते-मृत्यूंचा आकडा दाखवत. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यावर अभ्यास आला. आकडा दाखवला त्या आठवड्यांत फलकापुढच्या 10 किलोमीटरमध्ये अपघात 4.5 टक्क्यांनी वाढलेले निघाले, आणि आकडा मोठा तसा परिणामही मोठा. माणसाचं डोकं त्या मेलेल्यांत अडकतं आणि समोरचा ब्रेक लाइट राहून जातो. आपल्याकडच्या पोरानं नालीत जाऊन हेच सांगितलं होतं.

बाण, बु. आणि खु.

लग्नाचे बाण लग्नानंतर काढा. गेल्या उन्हाळ्यात फाट्यावर आधीच्या लग्नाचा बाण तसाच राहिला. दुसऱ्या लग्नाची तवेरा त्या बाणामागं पांदण रस्त्यात शिरली, आदल्या रात्री अवकाळी झालेला, आणि काळ्या मातीत चाकं अर्धी रुतली. ट्रॅक्टरनं ओढून काढेपर्यंत इकडे पंगती उठल्या. कायमचा बाण एका खिळ्यावर तर कधीच ठोकू नका. कापसाच्या ट्रॉलीचा धक्का लागला की तो आभाळाकडे नाहीतर विहिरीकडे वळतो.

गावाचं नाव अर्धं लिहिणं ही त्याचीच बहीण. पिंपळगाव म्हणजे कोणतं? बुलडाण्यात पिंपळगाव राजा वेगळं, पिंपळगाव काळे वेगळं. बु. आणि खु. जागा पुरत नाही म्हणून गाळलं की सोयाबीनची गाडी दुसऱ्याच गावात जाऊन उभी राहते.

मोबाइलवरचं भाषांतर थेट रंगवायला आणू नका. 'सॉफ्ट शोल्डर'चं 'मऊ खांदा' करून एक जण आला होता. साइडपट्टी खचते म्हणून सरळ 'साइडपट्टी कच्ची' लिहावं ना! परदेशातही हे होतं. 2008 मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथं अवजड वाहनांना मनाई करणाऱ्या पाटीचा मजकूर वेल्श भाषांतरासाठी ईमेलनं पाठवला, उलट उत्तर आलं, आणि तेच पाटीवर छापलं गेलं. त्या वेल्श ओळींचा अर्थ होता, 'मी सध्या कार्यालयात नाही.'

बोर्ड नुसत्या ऑइल पेंटचा केला तर रात्री तो नसल्यातच जमा. रेडियम शीट लागतेच. नावात रेडियम असलं तरी त्यात रेडियम नसतं, काचेचे बारीक मणी किंवा लोलक असतात आणि ते हेडलाइटचा उजेड आल्या वाटेनं परत फेकतात.

आणि अर्ज कुठं करायचा? किलोमीटरचा दगड बघा. डोकं पिवळं तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं तर राज्य मार्ग, नारिंगी तर ग्रामीण रस्ता. ज्याचा रस्ता त्याच्याकडे ग्रामसभेचा ठराव जोडून द्या, सोबत वळणाचा फोटो.

आमच्या वळणावरचा तो पहिला बोर्ड आता नाही. तिथं वळणाचा त्रिकोण आहे आणि बाहेरच्या कडेला बाणाचे फलक. मंडळाचे अध्यक्ष दुकानात येऊन बसले, "मंग आमचे नावं कुठी लावतं?" ती मी एसटी थांब्याच्या बाकाच्या पाठीवर रंगवून दिली. चौदाच्या चौदा. तिथं लोक ती वरपासून खालपर्यंत वाचतात, गाडी यायची असते तोवर दुसरं काम नसतं.